कोयता कोणाचा?

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ उघड आहे: लाकडी मुठीचे, रुंद पात्याचे, उसाच्या बुडख्यावर घाव घालण्याचे हत्यार. दुसरा अर्थ हिशेबाच्या वहीतला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून किंवा शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळी निघते तेव्हा मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटाच असेल तर तो अर्धा कोयता. किती कोयते आले, किती कोयत्यांची उचल दिली, किती कोयते अर्ध्या हंगामात निघून गेले, अशी ही मोजणी चालते. हत्याराचे नाव माणसाला लागले, आणि ते इतके रुळले की त्यात काही वावगे आहे असे आता कोणालाही वाटत नाही.

कामाचे हत्यार कोणी पुरवावे, कामगाराने की काम देणाऱ्याने, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. एका कोयत्याची किंमत ती काय? परंतु अहमदनगर, म्हणजेच २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर हत्यार कोणाच्या हातात आहे याहून त्याचा खर्च आणि त्याची जोखीम कोणाच्या माथी आहे, हा मुद्दा अधिक मोलाचा ठरतो. त्या दृष्टीने या लेखात आपण तीन व्यवस्थांचा विचार करू: गावगाड्यातील बलुतेदारी, कारखान्याचे फाटक आणि उसाचा फड.

जुन्या गावगाड्यात या प्रश्नाचे उत्तर परंपरेने ठरलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. सुताराची वाकस, करवत, किंकरे आणि पटाशी ही त्याची स्वतःची. नांगराला लागणारे लाकूड मात्र कुणब्याने आणून द्यायचे. लोहाराचा ऐरण, सांडशी आणि भाता लोहाराचा. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा. पुष्कळदा भाता ओढायला किंवा घण मारायला शेतकऱ्यानेच उभे राहायचे. मोबदला रोखीने मिळत नसे. खळ्यावर रास झाली की वर्षाच्या कामाचे बलुते धान्यात मिळे. म्हणजे हत्यार कसब असलेल्याचे, माल काम सांगणाऱ्याचे, आणि हत्याराच्या झिजेचा बोजा ढोबळ मानाने बलुत्यात धरलेला, अशी ही वाटणी होती.

या वाटणीचे गोडवे गाताना मात्र आपण सावध राहिले पाहिजे. सुतार-लोहारांपाशी हत्यार होते म्हणून त्यांच्या शब्दाला थोडीतरी किंमत होती. ज्यांच्यापाशी स्वतःचे असे हत्यार नव्हते, त्यांचे काय? महाराने सांगावा पोचवायचा, मेलेले गुरू ओढायचे, सरकारी पाहुण्याचे ओझे वाहायचे. त्याचे हत्यार म्हणजे त्याचे दोन पाय आणि पाठ. मांगाने दोरखंड वळून द्यायचे, तेही हातानेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत केंदळच्या परिसरात जर्मन येशूसंघीय धर्मगुरू आले आणि या जिल्ह्यात कॅथलिक ख्रिस्तसभा रुजू लागली. त्या काळी श्रद्धा स्वीकारलेल्या आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळजण याच वस्त्यांतले होते. शरीर हेच ज्यांचे हत्यार, त्यांच्या हत्याराच्या झिजेचा हिशेब कोणत्याही खळ्यावर झाला नाही. १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने वतनी सेवेचे बंधन कायद्यापुरते सुटले. परंतु तोवर जिल्ह्यातील श्रमाचा ओघ दुसरीकडे वळलेला होता.

ते वळण पाण्याने दिले. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि कालव्यांच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला. त्याच हरेगावात दर सप्टेंबरला मतमाउलीच्या यात्रेसाठी आपण हजारोंच्या संख्येने जमतो. पुढे टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर येथे खासगी कारखाने झाले. १९५० च्या डिसेंबरअखेर लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकरीच कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे सिद्ध झाले. ही घटना थोर होती, यात शंका नाही. ज्याच्यापाशी नांगराशिवाय दुसरे हत्यार नव्हते, तो शेतकरी सहकाराच्या बळावर चरक, बॉयलर आणि बाष्पपात्रे यांचा धनी झाला.

परंतु या कारखान्याला एक फाटक आहे, आणि हत्यारांचा कायदा त्या फाटकापाशी बदलतो. फाटकाच्या आत काम करणाऱ्या फिटरला 'लेथ मशीन घरून घेऊन ये' असे कोणी सांगत नाही. वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यांना ठिणगीपासून इजा होण्याचा संभव असेल, तर चष्मा किंवा पडदा कारखानदाराने पुरवावा असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरवून दिले. आतला कामगार सकाळी येतो तो रिकाम्या हाताने आणि जातो तोही रिकाम्या हाताने. यंत्र बिघडले तर नुकसान कारखान्याचे. फाटकाच्या बाहेर, ज्या फडातून त्या चरकाला रोजचे खाद्य मिळते, तेथे मात्र सगळेच उलटे आहे. कोयता तोडणाऱ्याचा, कानस तोडणाऱ्याची, मुठीचे लाकूड त्याचे, डोक्यावरची चुंबळ बायकोच्या जुन्या लुगड्याची. हाताला घाव बसला तर पट्टीचे कापडही त्याच लुगड्याचे.

फडावरच्या कामाच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. डोकी सेंटरवरची जोडपी ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत भरतात. गाडी सेंटरवरच्या मजुराचे बैल आणि लाकडी चाकांची गाडी दोन्ही स्वतःचे असत. तिसरी तऱ्हा टायरगाडीची. रबरी टायरच्या गाडीत लाकडी गाडीपेक्षा अधिक ऊस बसतो, बैलांना ओढायला ती हलकी जाते आणि कारखान्याचे गाळप अखंड चालते, म्हणून अशा गाड्या कारखान्यांनी पुरवायला सुरुवात केली. वरवर पाहता हत्यार पुरविण्याचे उत्तरदायित्व येथे काम देणाऱ्याने पत्करले. पण हिशेबाच्या वेळी काय होते? गाडीचे भाडे तोडणीच्या मजुरीतून कापले जाते. बैल मजुराचेच, ते पुष्कळदा मुकादमाने दिलेल्या उचलीतूनच विकत घेतलेले. बैल आजारी पडला, कालव्याच्या उतारावर गाडी उलटून त्याचा पाय मोडला, तर नुकसान मजुराचे आणि उचलीचे कर्ज तसेच उभे. बैलांना उसाचे वाढे मिळते आणि उरलेले विकून चार पैसे होतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

म्हणजे कोयता मजुराचा आहे म्हणून खर्च मजुराचा. आणि गाडी कारखान्याची आहे, तरीही खर्च मजुराचाच. मालकी बदलली, भार बदलला नाही. 'हत्यार कोणाचे' एवढेच विचारून थांबलो तर आपली फसगत होते, ती येथे.

हा अनुभव आपल्याच जिल्ह्याच्या वाट्याला आला असे नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम आणि लेस्टर या भागांत हातमागावर मोजे विणणारे हजारो कारागीर होते. विणकामाची चौकट महाग असल्यामुळे ती व्यापाऱ्याकडून भाड्याने घ्यावी लागे आणि भाडे मजुरीतून वळते होई. काम कमी असले तरी भाडे थांबत नसे. त्यामुळे थोडेथोडे काम अनेकांत वाटून अधिक चौकटींचे भाडे मिळवावे, असा मोह व्यापाऱ्यांना पडे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तक्रारींनंतर १८७४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून मोजेविणकरांच्या मजुरीतून चौकटीचे भाडे कापण्यास मनाई केली.

त्याच विचाराचा अंश आपल्याकडेही आला. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात मजुरीतून कोणत्या रकमा कापता येतील, याची यादी होती. मालकाने पुरविलेल्या सोयी व सेवा यांबद्दल, शासनाने मान्यता दिल्यास, कपात करता येत असे. मात्र 'सेवा' या शब्दात कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल यांचा समावेश होत नाही, असे स्पष्टीकरण त्याच कलमाला जोडलेले होते. म्हणजे कामासाठी हत्यार देणे हे मालकाने केलेले उपकार नव्हेत, ते कामाचेच अंग आहे, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने स्वातंत्र्याआधीच मान्य केले होते. हा कायदा मुळात झाला तो कारखाने आणि रेल्वे यांतील कामगारांसाठी. उसाच्या फडावर कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम उभा. करार मुकादमाशी, पैसा मुकादमाच्या हाती. त्यामुळे कायद्याचा हात व्यवहारात तेथवर पोचला नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. कसबी माणसाला आपलेच हत्यार हवे असते. गवंडी आपली थापी आणि ओळंबा दुसऱ्याच्या हाती देत नाही; सुताराच्या रंध्याला त्याच्या हाताचे वळण पडलेले असते. ऊसतोड करणारी बाईही कोयत्याचे वजन हातात तोलून, मूठ मनासारखी बसवून मगच तो वापरते. सगळ्यांना एकाच मापाचे कोयते वाटले तर काम सुधारण्याऐवजी बिघडेल. शिवाय स्वतःचे हत्यार असणे यात एक स्वातंत्र्य आहे. नासरेथच्या सुताराच्या कर्मशाळेत योसेफाची हत्यारे योसेफाचीच होती, असे आपण मानतो. म्हणूनच कोणाच्याही दारी जाऊन तो मानाने काम करू शकत होता. हा आक्षेप खरा आहे. म्हणून हत्यार मालकानेच द्यावे, असा सरसकट नियम आम्ही सुचवीत नाही.

परंतु स्वतःच्या हत्याराचे स्वातंत्र्य ज्याला मिळते, त्याला दर ठरविण्याचेही थोडे स्वातंत्र्य असावे लागते. गवंडी आपल्या थापीची झीज रोजात धरतो. न परवडले तर दुसरे काम पाहतो. उचल घेऊन आलेल्या कोयत्याला हंगाम संपेपर्यंत दुसरा फड पाहता येत नाही. संगमनेर, अकोले आणि नगर शहर येथील विडी वळणाऱ्या भगिनींचेही असेच आहे. पान आणि तंबाखू कारखानदाराची. कात्री, सूप आणि विडीचे पान कापण्याचा पत्रा त्यांचा. शिवाय घर त्यांचे, दिव्याचे बिलही त्यांचेच. त्यांचे घर हाच कारखान्याचा एक भाग, पण त्याचे भाडे त्यांना मिळत नाही. जेथे दर दुसऱ्याने ठरवायचा आणि हत्यार मात्र आपण आणायचे, तेथे ते हत्यार स्वातंत्र्याचे साधन राहत नाही, तो मजुरीतून आधीच झालेला कपातीचा एक प्रकार होतो.

पवित्र शास्त्राला ही गोष्ट ठाऊक आहे. अनुवादाच्या पुस्तकात जात्याची तळी किंवा वरची पेड गहाण ठेवून घेण्यास मनाई आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. जात्याला तेथे मालमत्ता न मानता घरच्या भाकरीचा आधार मानले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात याहूनही बोलका प्रसंग आहे. पलिष्ट्यांनी इस्राएलाच्या देशात एकही लोहार राहू दिला नव्हता. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावायची तर इस्राएली माणसाला पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि त्याचे ठरलेले मोल मोजावे लागे. हत्यार इस्राएलाचे, शेत इस्राएलाचे. पण धार दुसऱ्याच्या हाती, म्हणून राष्ट्र पराधीन. ज्याच्या हाती धार, त्याच्या हाती सत्ता, हे तीन हजार वर्षांपूर्वीचे अर्थशास्त्र आजच्या फडावरही लागू पडते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीने हाच धागा पुढे नेला. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात बळाने, कपटाने किंवा व्याजबट्ट्याच्या युक्तीने श्रमिकाच्या कमाईला कात्री लावणे हे घोर पाप असल्याचे बजावले. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात आणखी मुळाशी जाऊन सांगितले की, भांडवल म्हणजे उत्पादनाची साधने, आणि ही सारी साधने माणसाच्या श्रमातूनच निर्माण झालेली असतात. म्हणून श्रमाचा मान भांडवलाच्या आधी. याच परिपत्रकात त्यांनी 'अप्रत्यक्ष मालक' ही कल्पना मांडली. प्रत्यक्ष मालक तो, ज्याच्याशी कामगाराचा करार होतो. अप्रत्यक्ष मालक म्हणजे त्या कराराच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात त्या सर्व व्यक्ती, संस्था आणि व्यवस्था. या कसोटीने पाहिले तर मुकादम हा प्रत्यक्ष मालक दिसतो खरा. परंतु कारखाना, त्याचे संचालक मंडळ, शासन आणि ज्याचा ऊस तोडला जातो तो सभासद शेतकरी हे सारे अप्रत्यक्ष मालक आहेत. 'आमचा करार मुकादमाशी आहे' असे म्हणून हात झटकण्याची सोय येथे उरत नाही.

आज शासन आणि कारखाने काहीच करीत नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाथर्डीच्या बबनराव ढाकणे यांच्यापासून अनेकांनी या मजुरांची संघटना बांधली, संप केले आणि करार घडवून आणले. २०२४ च्या जानेवारीतील करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. तरीही हत्यारांच्या बाबतीत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. २०२३ मध्ये केंद्र शासनाने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार, लोहार, चर्मकार, गवंडी, शिंपी अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. या यादीत ऊसतोड नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात ऊस तोडणीच्या यंत्रासाठी, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढ्या, अनुदानाची योजना आली. कोयत्याची जागा घेणाऱ्या यंत्राला एवढे साहाय्य, आणि कोयत्याला मात्र एक कानसही नाही. यंत्र नको असे आम्ही म्हणत नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरणे हे काम कोणाच्याही लेकीबाळीच्या वाट्याला येऊ नये. पण हत्याराला सार्वजनिक पैसा देणे रास्त आहे हे एकदा मान्य केल्यावर, तो फक्त मोठ्या हत्यारालाच का, याचे उत्तर दिले गेले पाहिजे.

शरीर हेच ज्यांचे हत्यार त्यांच्याविषयी आपण आरंभी बोललो, तो धागाही सुटलेला नाही. कामावर एक दिवस न जाणे म्हणजे 'खाडा', आणि खाड्याचा दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. माणसाला कोयता म्हणण्याची सवय एकदा लागली, की त्याचे शरीरही कामाला आड येणारी वस्तू वाटू लागते. शब्दांची शिथिलता कोठवर नेते, याचे याहून वेदनादायक उदाहरण नाही.

मग न्याय्य वाटणी कोणती? आमच्या मते तीन नियम पुरेसे आहेत. जे हत्यार हाताच्या कसबाचे, ते कारागिराचे असावे. मात्र त्याची किंमत, झीज आणि धार यांचा खर्च दरात वेगळा दाखवून दिला जावा, जसा मुकादमाचा मेहनताना वेगळा दाखविला जातो. जे हत्यार काम देणाऱ्याच्या सोयीसाठी आणि नफ्यासाठी वापरायचे, जशी टायरगाडी, ते त्याने पुरवावे आणि त्याचे भाडे मजुरीतून कापू नये. आणि ज्या साधनांनी जीव वाचतो, हातमोजे, पायांत बूट, प्रथमोपचाराची पेटी, फडावर पिण्याचे पाणी, ती हत्यार कोणाचेही असो, काम करवून घेणाऱ्यानेच द्यावीत.

हे नियम पाळण्याची सुरुवात आपल्या धर्मग्रामांतून होऊ शकते. श्रीरामपूर, राहाता, राहुरी, नेवासे, संगमनेर या भागांतील आपली काही कुटुंबे आज कारखान्याची सभासद आहेत, काही कारखान्यात नोकरीला आहेत, आणि काहींच्या हाती अजूनही कोयता आहे. एकाच मिस्साबलिदानाला हे तिघे शेजारी गुडघे टेकतात. शेतकऱ्याचीही गाऱ्हाणी आहेत: तोडीची पाळी वेळेवर येत नाही, टोळी 'खुशाली' मागते, मुकादम उचल घेऊन पसार होतो. ती खरी आहेत, आणि हिशेब झाकलेला राहिल्यामुळेच ती वाढतात. ज्या दरात हत्यार, गाडी आणि मुकादम यांचा खर्च स्वच्छ मांडलेला असेल, तेथे खुशालीची मागणी कमी होईल, अशी आमची समजूत आहे.

संत योसेफ श्रमिक यांचा सण १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे या दिवशी नेमून दिला. तोवर बहुतेक कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो आणि पुढच्या हंगामाची उचल वाटण्याचे दिवस जवळ येतात. नवे करार याच सुमारास ठरू लागतात. पुढे कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, टायरगाडीचे भाडे कोणाच्या खात्यावर पडते आणि कोयत्याच्या धारेचा खर्च दरात धरला आहे का, एवढे दोन प्रश्न आपल्यातील सभासदांनी विचारावेत. आणि आपल्या शेतात टोळी उतरेल तेव्हा 'कोयते किती?' असे न विचारता 'माणसे किती?' असे विचारावे.